पोडियमवरची बाग की जमिनीवरची आरजी?

मुंबईत सोसायटी पुनर्विकासाला निघाली की सभेतला सगळा वेळ कार्पेट एरिया, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम) आणि भाडं यांवर जातो. बाग कुठे येणार हा प्रश्न नकाशावर हिरवा रंग दिसला की मिटला असं धरतात. आमच्या कमिटीत तो बराच रेंगाळला. एक प्रस्ताव पोडियमवरच्या, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांच्या छतावरच्या बागेचा होता, दुसरा जमिनीवरच्या आरजीचा (रिक्रिएशन ग्राउंड, बागेसाठी-खेळण्यासाठी सोडलेली मोकळी जागा). एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं त्याचं गणित, तुम्हाला एव्हाना पाठ झालंच असेल, ते इथे उगाळत नाही.

मात्र एक नियम नीट वाचा. 2018 मध्ये लागू झालेल्या डीसीपीआर 2034 या मुंबईच्या विकास नियमावलीनुसार प्लॉटच्या आकाराप्रमाणे 15, 20 किंवा 25 टक्के मोकळी जागा आरजी म्हणून सोडावी लागते. म्हाडा वसाहती, झोपडपट्टी पुनर्वसन योजना यांचं गणित वेगळं. या जागेतली किमान 60 टक्के जमिनीच्या पातळीवर हवी आणि त्यातली निम्मी ‘मदर अर्थ’वर, म्हणजे खाली तळघर नसलेल्या खऱ्या मातीवर. उरलेली 40 टक्के पोडियमवर दाखवली तरी चालते. त्याआधी डिसेंबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोहिनूर सीटीएनएल या बिल्डर कंपनीच्या प्रकरणात किमान आरजी जमिनीवरच हवी, पोडियमवर नाही, असं स्पष्ट म्हटलं होतं. नव्या नियमावलीने मधली वाट काढली.

आता हिशेब करा. प्लॉट 2000 चौरस मीटरचा असेल तर आरजी 300 चौरस मीटर. त्यातली 180 जमिनीवर, पण खरी माती फक्त 90. दर 100 चौरस मीटर आरजीमागे 5 झाडं हा नियमही आहे, म्हणजे 15 झाडं. ती प्लॉटमध्ये कुठेही लावता येतात हे खरं, पण बाकी प्लॉटवर रस्ता, रॅम्प आणि टाक्या असतात. एका हाताने झाडं लावायला सांगायचं आणि दुसऱ्या हाताने इमारतीच्या बाजूने सोडायच्या मोकळ्या जागेतली तूट प्रीमियम (शुल्क) घेऊन माफ करायची, हा महापालिकेचा खाक्या मला तरी अजून उमगलेला नाही. असो.

पोडियमची बाजू लंगडी आहे असं नाही. पार्किंगचे पोडियम मजले एफएसआयमध्ये धरत नाहीत, त्यामुळे बिल्डर तो बांधणारच. मग त्याच्या माथ्यावर बाग करणं ओघानेच आलं. तिथे गाड्या नसतात, मुलं मोकळी सोडता येतात. ऊन-वारा चांगला, डास कमी. आमची इमारत उभी राहत असताना आम्ही भाड्याने ज्या टॉवरमध्ये राहिलो तिथे अशीच बाग होती. सकाळी ज्येष्ठांचा हास्यक्लब, संध्याकाळी सायकली. पहिल्या दिवाळीपर्यंत मी पोडियमच्याच बाजूने होतो.

मग पावसाळा आला. लॉनखालच्या पार्किंगमध्ये छताला ओल धरली, गाड्यांच्या बॉनेटवर चुन्याचे पांढरे ओघळ दिसू लागले. त्याने गाडीचा रंग जातो, म्हणून गाडीवाले चिडले. सोसायटीने वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावलं. त्याने सांगितलं ते सरळच होतं: गळती वरून काढायची तर वरचं सगळं उचलावं लागेल. लॉन गुंडाळला, माती गोण्यांत भरली, चाफे कुंड्यांत हलवले. कोबा फोडून नवा थर दिला, पाणी साठवून चाचणी घेतली आणि सगळं परत पसरलं. पुढच्या पावसात गळती दुसऱ्या कोपऱ्यात निघाली. पुन्हा गोण्या.

माझ्यासाठी प्रश्न इथेच निकालात निघाला. पोडियमवरची बाग ही कुणाच्या तरी छतावर ठेवलेली बाग आहे, आणि छत आणि झाड यांचं भांडण झालं की दरवेळी झाडच हटतं. तिथली माती दीड-दोन फूट. घनमीटरभर ओल्या मातीचं वजन दोन टनांच्या आसपास जातं, त्यामुळे स्लॅब तशाच हिशेबाने बांधलेला नसेल तर जास्त माती टाकताच येत नाही. तिथे लॉन, सुपारीचे शोभेचे पाम, फार तर चाफा जगतो. सावली देणारं झाड होत नाही. रेरा या घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली बांधकामातल्या दोषाची जबाबदारी ताब्यापासून 5 वर्षं बिल्डरवर असते. नंतर गोण्या उचलण्याचा खर्च मेंटेनन्समध्ये येतो. सगळेच पोडियम गळतात असं मी म्हणणार नाही. ज्यांचे गळत नाहीत ते सुखी आहेत.

जमिनीवरच्या आरजीचे त्रास रोजचे आहेत. टॉवरच्या सावलीत लॉन धड होत नाही. पाहुण्यांच्या स्कूटर हळूहळू तिथे सरकतात. अग्निशमन दलाच्या गाडीचा रस्ता सोडल्यावर जे उरतं ते कधीकधी लांबुळका पट्टाच असतो. आमचाही थोडा तसाच आहे. पण त्यात बकुळ आणि करंज आहेत, आणि कंपाउंडलगतचा जुना आंबा वाचला. त्याला 1975 च्या वृक्ष कायद्यातली 2021 ची दुरुस्ती कामी आली: 50 वर्षांवरचं झाड हेरिटेज मानलं जातं, आणि ते तोडायचं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात. हा आकडा ऐकल्यावर आर्किटेक्टने रॅम्प स्वतःच दुसऱ्या बाजूला नेला.

प्लॉट अगदीच अरुंद असेल, लहान मुलांची घरं जास्त असतील, तर पोडियम घ्या, मी आडवा येणार नाही. फक्त स्लॅब किती भार घेणार ते नकाशावर लिहून घ्या आणि वॉटरप्रूफिंगची हमी करारात वेगळी मागा. थोडीही जागा हातात असेल तर मात्र मी आर्किटेक्टला एवढंच विचारीन, की हिरव्या रंगाखाली तळघर आहे का. आमच्या पहिल्या नकाशात होतं. तळघराची भिंत आत घ्यायला लावली, त्यात चार पार्किंग गेली, आणि त्या चार जणांशी माझं अजून जेमतेम बोलणं आहे.