कुरळे केस: सरळ करायचे, सगळे नियम पाळायचे, की जमेल तसे सांभाळायचे?

लग्न ठरलं की कुरळ्या केसांच्या मुलीला पहिला सल्ला मिळतो: एकदाचं स्मूदनिंग करून टाक. तिने ते टाळून नेटवर माहिती शोधली, की तिथे दुसरी नियमावली हजर असते: सल्फेट (शाम्पूतला फेस करणारा घटक) नको, सिलिकॉन (केसावर गुळगुळीत थर देणारा घटक) नको, कोरड्या केसांत कंगवा नको, तेल तर नकोच. दोन्हीकडे सांगणारे बाहेरचे, केस मात्र तिचे. म्हणून इथे तीन वाटा शेजारी शेजारी ठेवल्या आहेत: रसायनाने सरळ करणं, नेटवरची ही नियमावली, म्हणजे कर्ली पद्धत, काटेकोर पाळणं, आणि आपलं पाणी, हवा, वेळ पाहून साधी निगा राखणं. आमचा कल तिसरीकडे आहे.

रसायनाने सरळ करणं

रिबॉन्डिंग, स्मूदनिंग, केराटिन ही नावं पार्लरमध्ये सरमिसळ वापरतात. त्यामुळे आधी विचारा: केसाला आकार देणारे आतले बंध तोडणार, की वरून थर देणार?

रिबॉन्डिंगमध्ये थायोग्लायकोलेटचं क्रीम केसातले गंधकाचे बंध तोडतं, इस्त्रीने केस सरळ ताणला जातो, आणि हायड्रोजन पेरॉक्साइड असलेला न्यूट्रलायझर ते बंध नव्या जागी पक्के करतो. स्मूदनिंग म्हणून विकलं जातं ते बहुतेकदा याचंच सौम्य रूप. सरळ झालेला भाग कापेपर्यंत सरळच राहतो, पण मुळाशी केस महिन्याला १ ते सव्वा सेंटिमीटर कुरळाच उगवतो. सहा महिन्यांत वर ६-७ सेंटिमीटर वळणं आणि खाली सरळ टोकं अशी अवस्था होते आणि त्या जोडावरच केस तुटतो. टच-अपचं, म्हणजे मुळाशी उगवलेला भाग पुन्हा सरळ करायचं, क्रीम आधी सरळ केलेल्या भागावर ओघळलं, तर तिथला केस ओला असताना रबरासारखा ताणला जातो आणि तुटतो. पूर्वी ‘काळी मेंदी’ लावली असेल तर ते लपवू नका. काही पावडरींमधले धातूंचे क्षार पेरॉक्साइडशी जोरात अभिक्रिया करतात आणि केस अक्षरशः तापतो.

केराटिन म्हणजे वरून दिलेला थर, तो ३ ते ५ महिने टिकतो. त्याची अडचण वाफेत आहे. अनेक उत्पादनांतून इस्त्रीच्या उष्णतेने फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था २००४ पासून त्याला माणसात कर्करोग घडवणारा पदार्थ मानते. घटकांच्या यादीत ‘मेथिलीन ग्लायकॉल’ दिसलं, तर ते फॉर्मल्डिहाइडच समजा. त्याच्या जागी आलेल्या ग्लायऑक्सिलिक आम्लाने मूत्रपिंडाला अचानक इजा झाल्याच्या नोंदीही अलीकडे वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. यादी दाखवायला नकार मिळाला, तर तिथे ट्रीटमेंट करू नका. गरोदरपणात तर हा विषयच बाजूला ठेवा.

हे सगळं माहीत असूनही स्वतःला सरळ केस मनापासून आवडत असतील, तर ती निवड योग्यच आहे. फक्त ती सासूबाईंसाठी किंवा ऑफिसातल्या शेऱ्यांसाठी नसावी, कारण दर सहा-आठ महिन्यांनी खुर्चीत चार-पाच तास तुम्हालाच बसायचं आहे.

काटेकोर कर्ली पद्धत

यातल्या काही गोष्टी पक्क्या खऱ्या आहेत. कुरळा केस कोरडा विंचरला की तुटतो आणि पिंजारतो. जाड टॉवेलने खसाखसा पुसलं की वळणं मोडतात. कंडिशनर हवाच.

बाकीचे नियम मात्र एकमेकांवर टेकून उभे आहेत. सिलिकॉन टाळायचं कारण इतकंच की डायमेथिकोनसारखे प्रकार नुसत्या पाण्याने निघत नाहीत. साध्या शाम्पूने ते निघतात. म्हणजे सल्फेट सोडलंत तरच सिलिकॉन सोडायची वेळ येते. मुंबई-कोकणातल्या घामट हवेत नुसत्या कंडिशनरने केस ‘धुतले’ तर टाळूवर तेल आणि थर साचतो, खाज सुटते, कोंडा वाढतो. कोंड्यावर २ टक्के कीटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, ३ ते ५ मिनिटं टाळूवर ठेवून, दोन ते चार आठवडे वापरायचा असतो. तो ‘कर्ली-फ्रेंडली’ नाही म्हणून टाळणं हे टाळूशी वैर आहे.

केस ग्लासभर पाण्यात टाकून तो तरंगतो की बुडतो यावरून सच्छिद्रता, म्हणजे केस पाणी किती शोषतो ते, ठरवायची चाचणीही सोडून द्या. केसावरचं तेल आणि पाण्याचा पृष्ठताण यांनीच निकाल बदलतो. वळण किती घट्ट यावरून पाडलेले २ए, ३बी असे गट ओळखीपुरते ठीक; एकाच डोक्यावर मागे लाटा आणि कानामागे घट्ट रिंगा सर्रास असतात.

आपल्यापुरती निगा

यात मुख्यतः चार वस्तू लागतात: साधा सौम्य शाम्पू, कंडिशनर, मोठ्या दातांचा कंगवा आणि घरातला जुना पंचा.

न्हाण्याआधी तासभर एक-दोन चमचे खोबरेल लांबीवर लावा. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. कोंडा असेल तर टाळूवर तेल नको, कारण कोंड्याशी निगडित बुरशी तेलातल्या मेदाम्लांवरच जगते. शाम्पू फक्त टाळूला. लांबीला ओघळणारा फेस पुरतो. मग खांद्यापर्यंतच्या केसांना दोन-तीन चहाचे चमचे कंडिशनर लावून, टोकाकडून वर येत गुंता सोडवा. केस निथळत असतानाच जेल लावा, पंच्याने मुठीत दाबून पाणी टिपा, आणि वाळेपर्यंत हात लावू नका.

जेल जवसाचं घरी होतं. पाव कप जवस दोन कप पाण्यात मध्यम आचेवर ७ ते १० मिनिटं ढवळत उकळा. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटली की लगेच मलमलीतून गाळा. गार झाल्यावर ते गाळलंच जात नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, वास बदलला की फेकून द्या. वाळल्यावर केस कडक लागले तर बिघडलं काही नाही. तळहातावर तेलाचा एक थेंब चोळून केस मुठीत दाबा, कडकपणा सुटतो.

शिकेकाई आवडत असेल तर शेंगा रात्री भिजवून उकळा आणि गाळलेलं पाणी वापरा. पूड थेट लावली तर तिचे कण रिंगांत अडकून बसतात.

जेल लावल्यावर केसांत पांढरे कण दिसले तर कंडिशनर आणि जेल एकमेकांशी फाटताहेत. दोन्ही आधी तळहातावर मिसळून पाहा. वळणं लोंबकळली तर तेल किंवा कंडिशनर जास्त झालंय. सगळं करूनही केस खरखरीत राहत असतील तर बादलीच्या कडेला पांढरा थर आहे का पाहा. बोअरच्या जड पाण्याचे क्षार केसावरही बसतात. महिन्यातून एकदा ईडीटीए (क्षार धरून काढणारा घटक) असलेला शाम्पू आणि शेवटचं लिटरभर पाणी आरओचं, एवढ्याने फरक दिसतो. पावसाळ्यात ग्लिसरीनचं प्रमाण जास्त असलेली क्रीमं बाजूला ठेवा. ती दमट हवेतलं पाणी ओढून केस फुगवतात. ओल्या केसांचा घट्ट अंबाडाही नको, टाळू दिवसभर ओलीच राहते.

शाळेत दोन वेण्यांची सक्ती असेल तर मुलीचे केस सकाळी कोरडे विंचरू नका. रात्री थोडं कंडिशनर मिसळलेलं पाणी शिंपडून सैल वेण्या घाला, सकाळी वरवर नीट करा. रोज ओढून घातलेल्या वेण्यांनी कपाळावरची केसांची रेषा मागे सरकते, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर तिथले केस परत येत नाहीत.

सरळ केलेल्या केसांवरून परतायचं असेल तर ३० सेंटिमीटर लांबीला दोन ते अडीच वर्षं धरा. दर तीन महिन्यांनी २-३ सेंटिमीटर टोकं कापा. मधल्या काळात ओल्या केसांच्या चार सैल वेण्या रात्रभर ठेवल्या की दोन्ही पोत बरेचसे जुळतात.

लग्न दोन-तीन महिन्यांवर आलं असेल आणि त्या दिवशी सरळच केस हवे असतील, तर रसायनाची गरज नाही. उष्णतेपासून बचावाचा स्प्रे लावून, पूर्ण वाळलेल्या केसांवर १८० अंशांपर्यंतची इस्त्री एकदाच फिरवून घ्या. तिने फक्त पाण्याने सुटणारे हायड्रोजन बंध बदलतात. लग्नानंतरच्या पहिल्या न्हाण्यात वळणं परत येतात.