दिल्लीच्या थंडीत मीटिंगला जाताना: युनिक्लोचं हीटटेक, मेरिनो स्वेटर आणि पिशवीत मावणारं जॅकेट

डिसेंबरअखेर ते जानेवारीअखेर पुण्या-मुंबईहून कामासाठी दिल्ली, नोएडा किंवा गुरुग्रामला जाणाऱ्यांची अडचण ठरलेली असते. घरात असलेले गरम कपडे महाबळेश्वरच्या सहलीसाठी घेतलेले असतात: जाड, रंगीत, हुडवाले. ते घालून क्लायंटसमोर बसता येत नाही, आणि नुसत्या शर्ट-ब्लेझरवर सकाळी आठला टॅक्सीची वाट बघत उभं राहवत नाही. जपानच्या युनिक्लो कंपनीच्या तीन वस्तू या कामासाठी नीट पारखून घेण्यासारख्या आहेत: हीटटेक नावाचे थर्मल, मेरिनो मेंढीच्या लोकरीचा पातळ स्वेटर आणि अल्ट्रा लाइट डाऊन, म्हणजे मऊ पिसांचं भरण असलेलं हलकं जॅकेट. थर्मल बहुतेकांनी घ्यावेत, स्वेटर सगळ्यांनीच घ्यावा, आणि जॅकेट मात्र ब्लेझर घालणाऱ्यांनी आरशासमोर उभं राहून, पाठ बघूनच घ्यावं.

आधी थंडीचा अंदाज घेऊ. जानेवारीत दिल्लीचं सरासरी कमाल तापमान २० अंशांच्या आसपास आणि किमान ७ अंशांच्या आसपास असतं. आकडे फार भयंकर वाटत नाहीत. पण दाट धुकं पडलं की दुपारीही पारा १४-१५ च्या वर जात नाही, आणि तिथल्या इमारती मुख्यतः उन्हाळ्याचा विचार करून बांधलेल्या असतात. संगमरवरी फरशी, उंच छत, पुष्कळ ठिकाणी हीटिंग नाहीच. उलट हॉटेलच्या कॉन्फरन्स हॉलमध्ये ब्लोअर इतका चढवलेला असतो की घाम फुटतो. आणि मग जेवण बाहेर लॉनवर! थंडीत लॉनवर जेवण ठेवण्याची दिल्लीकरांना भारी हौस. म्हणजे एकाच दिवसात अंगाला ७, २५ आणि १५ असे तिन्ही अंश सोसावे लागतात. त्यासाठी एकच हिशेब पाळायचा: जे दिवसभर अंगावरून काढता येणार नाही ते पातळ घ्यायचं, आणि उबेचा मुख्य भार जे चारचौघांत काढता येतं त्यावर टाकायचा. थर्मल घेताना लोक नेमकं उलटं करतात.

हीटटेक युनिक्लोने तोरे या जपानी धागा-कंपनीबरोबर तयार केलं आणि २००३ पासून विकायला आणलं. त्यात रेयॉन, अ‍ॅक्रिलिक, पॉलिएस्टर आणि ताणासाठी थोडं इलॅस्टेन असतं. अंगातून सतत निघणारी वाफ रेयॉन शोषून घेतं आणि ती शोषताना थोडी उष्णता सुटते. अ‍ॅक्रिलिकचे अतिशय बारीक धागे आपल्यात हवा धरून ठेवतात, त्यामुळे ती उष्णता लगेच निसटत नाही. यात जादू काही नाही. ओलावा शोषताना लोकरसुद्धा उष्णता सोडते. आणि कापड ओलाव्याने भरलं की ही उष्णता थांबते, पुढचं काम फक्त अडकलेल्या हवेचं. हे लक्षात ठेवलं की हा कपडा कधी दगा देतो तेही कळतं.

त्याच्या तीन पायऱ्या आहेत: साधं, एक्स्ट्रा वॉर्म आणि अल्ट्रा वॉर्म. कंपनीच्या म्हणण्यानुसार दुसरं साध्याच्या दीडपट आणि तिसरं सव्वादोनपट गरम. दुकानात उभं राहिलं की हात आपोआप अल्ट्रा वॉर्मकडे जातो. दिल्लीतल्या ऑफिसच्या कामासाठी ते घेऊ नका. ते जाड आहे, शर्टाच्या बाहीत कोपराशी गोळा होतं आणि गरम हॉलमध्ये काढायची सोय नसते. वरच्या अंगाला साधं हीटटेक पुरतं. एक्स्ट्रा वॉर्मची आतली बाजू लवदार केलेली असते, हात फिरवला की लगेच कळतं. ते पायांसाठी घ्यावं, कारण पँटखाली दुसरा कुठलाच थर येत नाही आणि थंड खुर्चीवर, थंड फरशीवर पायच आधी गारठतात.

माप अंगाबरोबर हवं. सैल थर्मल म्हणजे फुकटचे पैसे: चालताना गळ्यातून आणि कमरेतून गरम हवा बाहेर ढकलली जाते. घालून दोन्ही हात वर करा. कंबर उघडी पडली तर लांबी कमी आहे, काखेत कापड लोंबलं तर माप मोठं आहे. बाही मनगटाच्या हाडापाशी संपावी. शर्टाच्या कफातून काळी कड डोकावली की सगळी टापटीप गेली.

गळ्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. गोल गळ्याचं थर्मल टायखाली चालतं, पण वरचं बटण उघडं ठेवायची सवय असेल तर तीच गोल कड दिसते आणि नुसतं बनियन दिसल्यासारखं होतं. तेव्हा व्ही किंवा खोल गळा शोधावा. रंगाचीही गंमत आहे. पांढऱ्या शर्टाखाली पांढरं थर्मल घातलं तर बाहीची आणि गळ्याची शिवण उठून दिसते. त्वचेच्या जवळचा किंवा फिका राखाडी रंग दिसत नाही.

बायकांसाठी खोल गळ्याचे प्रकार आहेत, ते कुर्त्याखाली नीट बसतात. साडी नेसणार असाल तर परकराखाली एक्स्ट्रा वॉर्म लेगिंग घाला. परकराची नाडी मात्र लेगिंगच्या पट्ट्यापेक्षा उंच बांधायची, पट्ट्यावर बांधली की सरकते. परकर सुती ठेवा. साटीनचा परकर, अ‍ॅक्रिलिकची लेगिंग आणि वर जॉर्जेट अशी सोबत ब्लोअरच्या कोरड्या हवेत स्थिर विजेने पायांना चिकटते आणि निऱ्या बिघडतात. टसर किंवा जाडसर रेशीम उबेलाही चांगलं आणि चापूनचोपून बसतं. ब्लाउजच्या जागी पूर्ण बाह्यांचा बारीक विणीचा काळा स्वेटर घालण्याची पद्धत दिल्लीत रुळलेली आहे, फार देखणी दिसते. कार्यालयात कुणी दोनदा वळून बघणार नाही. चुडीदारखाली मात्र लेगिंग घोट्याच्या वर संपणारीच हवी, नाहीतर चुण्यांमध्ये तिची जाडी दिसते.

आता दगा कधी देतं. पुण्यात दुपारी २८-३० अंशांत थर्मल अंगावर चढवून विमानतळाकडे निघालात तर रिक्षा आणि सुरक्षा तपासणीची रांग यांतच ते घामाने भिजतं. रेयॉन पाणी धरून ठेवतं. मग तीन तासांनी दिल्लीच्या गारठ्यात तेच ओलं कापड पाठीला लागतं आणि हुडहुडी भरते. दोष कपड्याचा नाही, वेळेचा आहे. थर्मल केबिन बॅगेत सगळ्यात वर ठेवा आणि उतरल्यावर विमानतळावरच्या स्वच्छतागृहात बदला, पाच मिनिटांचं काम आहे. सामान घेऊन मेट्रोचे जिने चढणार असाल तर स्टेशनातून बाहेर पडेपर्यंत स्वेटर हातातच बरा.

पैशाचं म्हणाल तर हीटटेकच्या एका जोडीत रूपाच्या थर्मोकॉट किंवा लक्सच्या इन्फर्नोच्या दोन-तीन जोड्या येतात. उबेत ते कमी नाहीत. फरक जाडीचा. गावाकडच्या पहाटेला, घरात, ट्रेनमध्ये ते उत्तम. अंगाबरोबर शिवलेल्या शर्टाखाली मात्र फुगवटा दिसतो. वर्षातून एकदाच जाणार असाल आणि वर स्वेटर राहणारच असेल तर तेच घ्या, पैसे वाचवा आणि ते स्वेटरवर खर्च करा.

कारण या तिघांत खरी किमती वस्तू स्वेटर आहे. युनिक्लोचा एक्स्ट्रा फाइन मेरिनो शंभर टक्के लोकरीचा आहे, धाग्याची जाडी १९.५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग). लोकर टोचते ती तिच्या जाड धाग्यांमुळे. इतक्या बारीक धाग्याची टोकं त्वचेवर वाकतात, रुतत नाहीत. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ओलावा घेऊनही हाताला ओली लागत नाही, आणि घामाचा वास धरत नाही. म्हणून एकच स्वेटर लागोपाठ तीन दिवस घालता येतो; रात्री खुर्चीच्या पाठीवर पसरून ठेवला की सकाळी ताजा. अ‍ॅक्रिलिकच्या स्वेटरला एका संध्याकाळच्या लॉनवरच्या जेवणानंतर तंदूरचा आणि घामाचा मिळून जो वास येतो तो धुतल्याशिवाय जात नाही.

व्ही गळा घ्या, कॉलर आणि टाय दोन्ही नीट दिसतात. रंग नेव्ही, कोळशासारखा राखाडी किंवा गडद मरून. ब्लेझर चढवून मधलं बटण लावा. बटणापासून चारी बाजूंना तिरप्या चुण्या पडल्या तर ब्लेझर तंग होतोय, आणि तंग ब्लेझरखाली लोकर दाबली जाऊन तिच्यातली हवा, म्हणजेच ऊब, निघून जाते. उणीव सांगायची तर काखेत आणि लॅपटॉप बॅगेचा पट्टा घासतो तिथे बारीक गोळे येतात. ओढून तोडू नका, कात्रीने किंवा गोळे काढायच्या छोट्या मशीनने साफ करा. या प्रवासात पाठीवरच्या सॅकपेक्षा हातातली बॅग स्वेटरला मानवते.

ब्लेझर स्वतः लोकरीचा असावा. आपल्याकडे लग्नासाठी शिवलेले बहुतेक ब्लेझर पॉलिएस्टर-व्हिस्कोसचे असतात. चमकतात, पण वारा लागला की थेट आत. ठाण्यात १९२५ साली लोकरीची गिरणी म्हणून सुरू झालेल्या रेमंडचं कापड आपल्याकडे जवळपास प्रत्येक शहरात मिळतं. त्यात लोकरीचं प्रमाण विचारून घ्या आणि ब्लेझर पूर्ण अस्तराचा शिवा. शिंप्याकडे माप देताना आत पातळ स्वेटर घालून जा.

अल्ट्रा लाइट डाऊनबद्दल मत दोन भागांत द्यावं लागतं. ऊब आणि वजन यांत ते अप्रतिम आहे. बदकाच्या मऊ पिसांचं भरण, पाव किलोच्या आसपास वजन, गुंडाळलं की सोबतच्या छोट्या पिशवीत मावतं. विमानात केबिन बॅगेला ७ किलोंची मर्यादा असताना ही मोठी सोय आहे. पण नेहमीचं जॅकेट कमरेखाली जेमतेम येतं आणि ब्लेझर त्याहून लांब असतो. मागून ब्लेझरचं दोन-तीन इंच शेपूट बाहेर लोंबतं. रिसेप्शनवर उभा असलेला माणूस कितीही चांगल्या कापडात असला तरी हे दृश्य वाईट दिसतं. उपाय दोन. एक, याच डाऊनचं गळा आत दुमडून व्ही करता येणारं जॅकेट किंवा बिनबाह्यांचं व्हेस्ट घ्या आणि ब्लेझरच्या आत घाला. हॉलमध्ये शिरण्यापूर्वी काढून पिशवीत. दोन, मांडीपर्यंत येणारा लोकरीचा ओव्हरकोट. तो दीड-दोन किलोंचा असतो, पण अंगावर घालून विमानात चढलात तर बॅगेत मोजला जात नाही. वारंवार जाणाऱ्याने ओव्हरकोटच घ्यावा.

डाऊन भिजलं की पिसांचे गोळे होतात आणि ऊब जाते. वरच्या कापडावर पाणी झटकणारा लेप असतो, तो धुक्याच्या थेंबांना पुरतो, पावसाला नाही. आणि शेकोटी किंवा कॉइलच्या हीटरला पाठ लावून उभं राहू नका. वरचं पातळ नायलॉन एका ठिणगीने वितळतं आणि भोकातून पिसं निघत राहतात.

पायांसाठी या दुकानावर अवलंबून राहू नका. बुटात जाड मोजे कोंबले तर बोटं आवळली जातात, रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात. लोकरमिश्रित पातळ मोजे आणि बुटात नमद्याचा, म्हणजे दाबून जाड केलेल्या लोकरीचा, तळवा एवढं पुरे. साडीवर त्वचेच्या रंगाचे लोकरी मोजे आणि बंद बूट.

तीन रात्री, चार दिवसांसाठी: वरची साधी हीटटेक दोन, खालची एक्स्ट्रा वॉर्म दोन, मेरिनो स्वेटर दोन, शर्ट तीन, जास्तीची पँट एक, मोज्यांचे चार जोड, मफलर, कानटोपी, हातमोजे. ब्लेझर, बूट आणि ओव्हरकोट अंगावर. तिथे जाऊन कपडे धुऊ म्हणाल तर सुती शर्ट धुक्यात दोन दिवस वाळत नाही. हीटटेक मात्र रात्री धुऊन, कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून पिळून, खोलीत टांगलं तर सकाळपर्यंत वाळतं. कम्फर्टसारखा सॉफ्टनर वापरायचा नाही, धाग्यावर थर बसून ओलावा शोषण्याचं काम मंदावतं. इस्त्रीही नको.

खरेदी निघण्यापूर्वीच उरका. युनिक्लोचं भारतातलं पहिलं दुकान २०१९ मध्ये दिल्लीत वसंत कुंजला उघडलं, तर मुंबईतलं पहिलं २०२३ मध्ये कुर्ल्याच्या फिनिक्स मार्केटसिटीत. जानेवारीत दिल्लीतल्या दुकानात मधली मापं लवकर संपतात.

परत आल्यावर स्वेटर जाळीच्या पिशवीत, गार पाण्यात, लोकरीच्या साबणाने धुवा आणि आडवा पसरून वाळवा. टांगला की खांद्याला कोपरे येतात. पुढच्या हिवाळ्यापर्यंत ठेवताना तो पूर्ण कोरडा असला पाहिजे, कारण मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात लोकरीला बुरशी धरते आणि घामाचे डाग असतील तिथेच कसर आधी लागते. डाऊन जॅकेट त्या छोट्या पिशवीत कोंबून वर्षभर ठेवू नका. पिसं दबून बसतात आणि पुन्हा पूर्ण फुलत नाहीत. सुती पिशवीत सैल घडी करून कपाटात सगळ्यात वर ठेवा.