वजनकाट्याच्या सर्व्हिसला एसईलिनक्स लावू की ॲपआर्मर?

गेल्या महिन्यात दोघांनी हेच विचारलं, दोघंही जळगावकडचेच, म्हणून एकदाच लिहून टाकतो. दोन्ही लिनक्समधली मॅकची, म्हणजे मँडेटरी ॲक्सेस कंट्रोलची साधनं: कुठल्या प्रोग्रामनं कशाला हात लावायचा हे नियम लिहून बांधून टाकायचं. नुसत्या फाईल परमिशन का पुरत नाहीत हे माहीत आहे असं धरतो.

माझं काम चोपड्याकडच्या एका जिनिंगमधलं. काट्यावर कपाशीचा ट्रॅक्टर चढला की माझी सर्व्हिस यूएसबी सिरियलवरून वजन वाचते, एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये टाकते, पावती छापते आणि मालकाला मोबाईलवर आकडा दिसावा म्हणून एक पोर्ट उघडा ठेवते. भीती त्या पोर्टचीच, कोणी तिथून आत शिरलाच तर त्यानं हिशोबाच्या बाकी फाईलींना हात लावू नये एवढंच मला पाहिजे होतं. दोन सीझन अल्मा लिनक्सवर एसईलिनक्सने काढले, नंतर मशीनच बदललं तेव्हा डेबियन टाकलं आणि ॲपआर्मर, म्हणजे दोन्हींचा मार खाऊन बोलतोय.

एसईलिनक्सबद्दल आधी एक गैरसमज. गेटएन्फोर्स कमांडने एन्फोर्सिंग, म्हणजे नियम लागू आहेत असं दाखवलं की लोक निवांत होतात, मीपण झालो होतो. पण तुम्ही स्वतः लिहिलेली सर्व्हिस यूझर-लोकल-बिनमध्ये टाकली, तिची पॉलिसी लिहिली नाही, तर सर्व्हिस सुरू करणारं सिस्टमडी तिला अनकन्फाइन्ड सर्व्हिस टी या डोमेनमध्ये (एसईलिनक्सच्या कप्प्यात) चालवतं, आणि नावातच आलं, तिला फारसं बंधन काही नसतं. खरं बंधन पाहिजे तर सेपॉलिसी जनरेटने पॉलिसीचा सांगाडा काढायचा, मग लॉगमधल्या नकारांवरून नियम बनवणारं ऑडिट-टू-अलाव घेऊन आठवडाभर बसायचं. त्या सांगाड्यात परमिसिव्हची (नुसतं लॉगमध्ये लिहा, अडवू नका) एक ओळ आधीच घातलेली असते, ती काढायला विसरलात तर सगळी पॉलिसी नुसती शोभेची. मी विसरलो होतो, किती दिवस ते सांगत नाही.

एवढं होऊनही रचना म्हणून मला एसईलिनक्सच जास्त पक्कं वाटतं, नियम ज्यावर चालतात ते लेबल फाईलीलाच चिकटलेलं असतं, फाईलीचं नाव बदला, दुसरीकडे न्या, लेबल सोबतच जातं.

आणि ह्याच गोष्टीनं मला रात्री साडेअकराला घाम फोडला.

डिसेंबर होता, आम्ही शेतात भरीत पार्टीला बसलेलो, कळण्याची भाकरी नुकती हातात आली आणि काट्यावरच्या पोराचा फोन, "भाऊ, काटा बंद पडी ग्या, ट्रॅक्टर उभा शे." लाईट जाऊन डेटाबेस खराब झाला होता, पोरानं हुशारीनं पेनड्राईव्हवरचा बॅकअप आधी आपल्या होम फोल्डरमध्ये घेतला आणि मग एमव्हीने (फाईल हलवायची कमांड) जागेवर नेऊन ठेवला. नाव बरोबर, मालक बरोबर, परमिशन बरोबर. सर्व्हिस म्हणे डेटाबेस उघडत नाही. त्यानं घाबरून ट्रिपल सेव्हन, म्हणजे सगळ्यांना सगळी परमिशन, पण मारून पाहिलं, फरक शून्य, कारण एमव्हीने लेबलही तसंच उचलून आणलं होतं, यूझर होम टी, आणि माझ्या डोमेनला त्या लेबलची परवानगी नव्हती. सीपीने कॉपी केलं असतं तर नव्या फाईलीला नव्या फोल्डरचं लेबल लागलं असतं आणि मला फोन आलाच नसता. उपाय म्हणाल तर लेबल परत नीट करणाऱ्या रिस्टोअरकॉनची एक ओळ. पण ती ओळ लागते हे फोनवरून कळायला पाऊण तास गेला, कारण फाईलींची यादी दाखवणाऱ्या साध्या एलएसमध्ये लेबल दिसतच नाही, त्याला मोठा झेड लावावा लागतो, आणि तो झेड त्याला समजावताना माझं भरीत थंड.

चूक माझीच, रिस्टोअरची स्क्रिप्ट देऊन ठेवायला पाहिजे होती, हे कबूल. तरी मनात बसायचं ते बसलं.

ॲपआर्मरमध्ये नियम फाईलीच्या पाथवर असतात. बरोबर जागी ठेवलेली फाईल बरोबर, कुठून आली ते विचारत नाही. प्रोग्राम काय काय वापरतो ते बघून नियमांची फाईल, म्हणजे प्रोफाईल, बनवणारं एए-जेनप्रॉफ चालू करून एक ट्रॅक्टर तोलला, एक पावती काढली, प्रोफाईलचा बराचसा भाग तयार झाला. महिन्यातून एकदा चालणारा रिपोर्ट मात्र त्यात येत नाही, म्हणून कम्प्लेन मोड (अडवत नाही, नुसतं लॉगमध्ये लिहितो) लवकर काढू नका. आणि एसक्यूलाइट असेल तर प्रोफाईलमध्ये वाचा-लिहायच्या आर-डब्ल्यूसोबत के पण द्या, तो लॉकसाठी असतो, मी दिला नव्हता आणि "डेटाबेस लॉक्ड" बघून दोन तास कुठला दुसरा प्रोसेस लॉक धरून बसलाय ते शोधत होतो.

याचाही दोष आहेच, आणि तो जास्त गुपचूप आहे. नवी आवृत्ती मी दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकली, प्रोफाईल जुन्या पाथला बांधलेलं, सर्व्हिस मस्त चालू आणि अंगावर काहीच नाही. तीन आठवड्यांनी सहज एए-स्टेटस (कुठल्या प्रोसेसला प्रोफाईल लागलंय ते दाखवणारी कमांड) बघितलं तेव्हा कळलं. तेव्हापासून सिस्टमडीच्या युनिटमध्येच (सर्व्हिसच्या सेटिंगच्या फाईलीत) ॲपआर्मरप्रोफाईलची ओळ घालतो, मग पाथ कुठलाही असो, तेच प्रोफाईल लागतं, आणि प्रोफाईल लोड नसेल तर सर्व्हिस उठतच नाही. ही ओळ नसती तर मी कदाचित परत एसईलिनक्सकडे गेलो असतो.

तुमचं मशीन अल्मा, रॉकी, फेडोरा असेल तर माझं ऐकून डिस्ट्रो बदलू नका, तिथे एसईलिनक्सच शिका. एकाच मशीनवर पॉडमॅनचे बरेच कंटेनर (वेगवेगळ्या डब्यांत चालणारे प्रोग्राम) असतील तरी तेच, कंटेनर एकमेकांपासून वेगळे ठेवायला ते लेबल फार कामाचं. ओपनसूसे टम्बलवीड या डिस्ट्रोनंही २०२५ मध्ये नव्या इन्स्टॉलला ॲपआर्मर सोडून एसईलिनक्स घेतलं, म्हणजे मोठ्या लोकांचा कल माझ्या उलट आहे हे पण सांगून ठेवतो. पण एकच सर्व्हिस, एकच मशीन, आणि जागेवर बसलेला माणूस ॲडमिन नसून काट्यावरचा पोरगा असेल, तर मला वाटतं ॲपआर्मर बरं पडतं. लॉगमध्ये नाकारलेल्या फाईलीचा अख्खा पाथ येतो, एसईलिनक्सच्या लॉगमध्ये बऱ्याचदा नुसतं फाईलीचं नाव आणि आयनोड (डिस्कवरचा फाईलीचा) नंबर.

ह्या सीझनला कन्व्हर्टरची पिन दुसऱ्या खोबणीत गेली, डिव्हाइस यूएसबी झिरोचं यूएसबी वन झालं, प्रोफाईलमध्ये मी झिरोच लिहिलेलं. पुन्हा रात्रीचा फोन, पण ह्या वेळी "काटा बंद" नाही. "भाऊ, लॉगमा डिनाईड लिखेल शे, स्लॅश डेव्ह स्लॅश टीटीवाय यूएसबी वन. झिरोनी जागावर स्टार टाकू का?" म्हटलं टाक, आणि प्रोफाईल परत लोड व्हायला ॲपआर्मर पार्सर मायनस आर मार.