ऐकायला शिकवणारे सहा शनिवार

कोल्हापुरातील एका मराठी ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) गेल्या उन्हाळ्यात सलग सहा शनिवारी संध्याकाळी ‘ऐकणे आणि राग आवरणे’ या विषयावर वर्ग घेतला. शुल्क 200 रुपये होते आणि त्यात वही व चहा आला. मी आमच्या मंडळीच्या पंचायतीत, म्हणजे कारभारी समितीत, बसतो, तिथे आवाज चढवण्याबद्दल माझी ख्याती आहे आणि या वर्गात माझे नाव पत्नीने परस्पर घातले होते, एवढे आधीच सांगितलेले बरे.

वर्गाचा पाया बायबलच्या नव्या करारातील याकोबाच्या पत्रातील पहिल्या अध्यायाचे एकोणिसावे वचन हा होता: ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश, रागाला मंद. शिक्षकांनी या क्रमावर भर दिला. समोरच्याचे वाक्य पुरे होण्याआधीच आपण मनात उत्तर जुळवू लागतो, राग तिथेच तापतो, आणि म्हणून तो जिभेवर येण्याआधी कानापाशीच थोपवावा लागतो, हे त्यांचे म्हणणे मला पटले. त्याहून आवडला तो इब्री (हिब्रू), म्हणजे बायबलच्या जुन्या कराराच्या मूळ भाषेचा धागा. आपण राग नाकाच्या शेंड्यावर असतो म्हणतो. इब्रीत तर ‘अफ’ या एकाच शब्दाचा अर्थ नाक आणि राग असा दोन्ही होतो आणि जुन्या करारातील निर्गम या पुस्तकात (34:6) देवाला जे ‘मंदक्रोध’ म्हटले आहे त्याचा शब्दशः अर्थ ‘लांब नाकाचा’ असा निघतो. वर्ग हसला, पण ते कोणी विसरले नसावे.

खरी किंमत वसूल झाली ती सरावात. चिठ्ठ्या टाकून जोड्या लावायच्या, खुर्च्या समोरासमोर मांडायच्या, एकाने तीन मिनिटे बोलायचे, दुसऱ्याने हूं की चूं करायचे नाही आणि नंतर ऐकलेले आपल्या शब्दांत सांगायचे. बोलणारा ‘होय, हेच’ म्हणेपर्यंत सुटका नाही. माझ्या चिठ्ठीत नेमके आमचे खजिनदार निघाले, ज्यांच्याशी मी वर्षभर जेमतेम ‘सलाम’पुरते बोलत होतो. ते बोलले. मी सांगितले, “मी हिशेब मागितला म्हणून तुम्ही दुखावलात.” त्यांनी नकारार्थी मान हलवली. दुसऱ्यांदा सांगितले, तेही चुकले. तिसऱ्यांदा त्यांनीच हळू आवाजात सांगितले, “हिशेब मागितलात त्याचे काही नाही हो. उपासना सुटल्यावर दारात, माझ्या सुनेसमोर मागितलात.” ही गोष्ट वर्षभरात माझ्या ध्यानातही आली नव्हती.

असा सराव दोन तासांपैकी जेमतेम पाऊण तास होई. उरलेला वेळ व्याख्यानात जाई. जुन्या करारातील दुःखाने खचलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ न बोलता बसले आणि तोंड उघडल्यावर बिघडले, हा प्रसंग उत्तम आहे, पण गप्प बसण्यावर सव्वा तास बोलणे जरा जास्तच झाले. 1852 मध्ये अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले तेव्हापासून आपल्याला उपदेश ऐकण्याची सवय आहे; कमी पडते ते एकमेकांचे ऐकणे. शिवाय शिक्षक बाहेरगावचे असल्याने चढा आवाज म्हणजे राग असेच धरून चालत. रंकाळ्यावर दोन जिवलग मित्र गप्पा मारताना त्यांनी ऐकायला हवे होते.

एक उणीव मात्र गंभीर वाटली. इफिसकरांस पत्रातील ‘सूर्य मावळण्याआधी राग सोडा’ हे वचन शिकवताना, घरात मार खाणाऱ्या बाईने किती दिवस शांतपणे ऐकून घ्यायचे, असे एका भगिनीने विचारले. ‘प्रार्थना करा’ एवढेच उत्तर देऊन विषय पुढे नेण्यात आला. मार्कच्या शुभवर्तमानातील 3:5 हे वचन तिथेच उघडता आले असते: वाळलेल्या हाताचा माणूस सभास्थानात उभा असताना गप्प बसलेल्या लोकांकडे येशूने रागाने पाहिले आणि त्या माणसाचा हात बरा केला. तिच्या प्रश्नाला तीन मिनिटेही मिळाली नाहीत, आणि तीही अशा वर्गात.

व्यवस्था साधीच होती. पंख्याखालच्या खुर्च्या लवकर भरत. शेवटच्या शनिवारी वळीव येऊन वीज गेली, तेव्हा मेणबत्त्यांच्या उजेडातला सराव सगळ्यांत चांगला झाला. पुढच्या वर्गात व्याख्यान निम्मे करावे आणि घरातील हिंसेबद्दल समुपदेशन करणारी एखादी जाणकार स्त्री बोलवावी, असे मी लेखी कळवले आहे. खजिनदारांनी पुन्हा नाव दिले आहे. मीही देणार आहे. चिठ्ठीत तेच निघाले तरी आता माझी हरकत नाही, फक्त या खेपेला पहिली तीन मिनिटे मला हवी आहेत.