आईची चक्कर : दोन महिने गोळ्या, इथे पंधरा मिनिटं

आईचं वय 76. जानेवारीत एका पहाटे कूस बदलली आणि ओरडलीच, "अगं, छत फिरतंय!" पलंगाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. मग रोजचंच झालं. उजव्या कुशीवर वळलं की गरगरायचं, मिनिटाच्या आत थांबायचं. फळीवरचा डबा काढायला मान वर केली तरी तेच. आधी जिथे दाखवलं तिथे एक्स-रे काढून मणक्यात गॅप आहे म्हणाले, मानेला पट्टा आणि गोळ्या दिल्या. दोन महिने गेले, फरक शून्य. ती पडेल या धास्तीने मी तिच्याच खोलीत झोपत होते.

या कान-नाक-घसा दवाखान्यात डॉक्टरांनी आधी नीट विचारलं. किती वेळ फिरतं, जीभ जड होते का, दोन-दोन दिसतं का. झोपवून आणि उभं करून बीपी घेतलं. मग टेबलावर बसवून मान उजवीकडे वळवली आणि झटकन मागे झोपवलं. चार-पाच सेकंद काहीच नाही. मग आईची बुबुळं गोल फिरत थरथरायला लागली. डॉक्टरांनी मला वाकून बघायला लावलं. इतके दिवस आम्ही "तुला होतंय तरी काय" म्हणत होतो, ते डोळ्यांसमोर होतं.

आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक खडे सुटून तोल सांभाळणाऱ्या नळीत शिरतात, डोकं हललं की तेही सरकतात आणि गरगरतं. गोळीने ते जागेवर जात नाहीत. त्यासाठी एपली पद्धत: डोकं एका बाजूला, मग दुसऱ्या, मग कुशीवर नाक जमिनीकडे, मग उठून बसायचं, प्रत्येक ठिकाणी अर्धा-एक मिनिट थांबून. आईची मान आखडते म्हणून खांद्याखाली उशी घेतली. "आजी, डोळे उघडे ठेवा, मी धरलंय," असं डॉक्टर सारखं म्हणत होते. दुसऱ्या फेरीनंतर बुबुळं स्थिर राहिली.

तक्रार एकच, पण मोठी. दवाखाना पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिन्याला कठडा एकाच बाजूला. चक्कर येणारी म्हातारी माणसं इथे येतात, दुसरा कठडा बसवायलाच हवा.

जूनमध्ये पुन्हा थोडं फिरलं. असं होऊ शकतं हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. एका फेरीत थांबलं. आता आई एकटी झोपते, उजव्या कुशीवर. नेताना सोबत दोघं जा, एक जिन्यात पुढे, एक मागे.