व्हेज आईबाबांना मेक्सिकन खायला कुठे न्यावं: चिपोटले, टेक्समेक्स की टाकेरिया?

अमेरिकेत आईबाबा आले की पिझ्झा-पास्ता दोन दिवसांत नको होतो, मग सगळे सांगतात मेक्सिकनला न्या, भात, बीन्स, कोथिंबीर, लिंबू, मिरची, सगळं आपलंच वाटतं. वाटतं खरं, पण घरात कडक व्हेज कोणी असेल तर आधी हे वाचा.

बसून खायच्या टेक्समेक्स म्हणजे टेक्सास-मेक्सिको मिश्र पद्धतीच्या रेस्टॉरंटमध्ये निवांतपणा असतो, बसल्या बसल्या चिप्स आणि साल्सा येतो, बऱ्याच ठिकाणी फुकट आणि परत परत, बाबांना गप्पा मारत बसायला हे फार बरं. पण तिथले रिफ्राइड बीन्स अनेकदा लार्डमध्ये म्हणजे डुकराच्या चरबीत परततात, आणि लाल भात चिकन ब्रॉथमध्ये म्हणजे कोंबडी उकळलेल्या पाण्यात शिजवतात. नुसतं "व्हेज आहे का" विचारलं तर हो म्हणतील कारण मटणाचा तुकडा दिसत नाही ना त्यात, म्हणून लार्ड आणि ब्रॉथ हे शब्द वापरूनच विचारा. वर टिप १८-२० टक्के धरा.

चिपोटले या फास्टफूड साखळीत टेबल सर्व्हिस नाही, लाइनीत उभं राहून समोर बोल (भात-बीन्स वगैरे भरलेला वाडगा) बनवून घ्यायचा, पण काळे आणि पिंटो दोन्ही बीन्स व्हेज, भातही व्हेज, सोफ्रितास म्हणजे मसालेदार टोफू, आणि मीट किंवा सोफ्रितास न घेता व्हेज बोल घेतला तर ग्वाकामोलेचे (अवोकाडोच्या चटणीचे) वेगळे पैसे नाहीत. आईला काय घालायचं काय नाही ते बोट दाखवून सांगता येतं, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. चव मात्र सगळीकडे तीच, आणि मीठ जरा जास्तच.

टाकेरिया म्हणजे टाकोचं छोटं दुकान, खरी मांसाहार्‍यांची जागा. उभ्या सळईवर फिरणारं अल पास्तोर म्हणजे मसाला लावलेलं डुकराचं मांस, ते मेक्सिकोत लेबनीज लोकांच्या शवर्मावरून आलं, वर अननस, खाली चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचा छोटा तोर्तिया म्हणजे पोळी, मला तरी यापुढे बाकी दोन्ही फिके. व्हेजला पर्याय थोडे, पण राहास (पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या) किंवा नोपालेस म्हणजे निवडुंग दिसलं तर चीज घालून केसाडिया (दुमडून भाजलेला तोर्तिया) मागा, तवा मात्र मांसाचाच असतो हे घरच्यांना आधी सांगा.

म्हणून आईबाबा कडक असतील तर चिपोटले, डोळे झाकून. अंडं-मासे चालत असतील तर लार्ड-ब्रॉथचं विचारून टेक्समेक्स, तिथे तेवढाच वेळ सोबत जातो. टाकेरियात तुम्ही मित्रांबरोबर वेगळे जा.