धर्मचिकित्सेच्या अधिकारावरील आठ आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम : एक अभिप्राय

अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि धर्मावर टीका करण्याचा अधिकार या विषयावरचा आठ आठवड्यांचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. व्याख्याने इंग्रजीत आहेत, त्यांना मराठी उपशीर्षके आहेत, दर आठवड्याला एक स्वाध्याय असतो आणि शेवटी एक दीर्घ निबंध लिहावा लागतो. मी स्वतः श्रद्धावान आहे, त्यामुळे श्रद्धेची टवाळी ऐकावी लागेल अशी थोडी धास्ती मनात होती. ती खोटी ठरली. अभ्यासक्रम घेण्याजोगा आहे, हे आधीच सांगते. मात्र त्यात दोन उणिवा आहेत आणि त्यांतली एक मला गंभीर वाटते.

पहिले व्याख्यान व्याख्यांपासून सुरू न होता एका विद्यार्थ्यापासून सुरू होते, ही निवड मला फार आवडली. टॉमस एकनहेड हा एडिंबरा विद्यापीठातला वीस वर्षांचा विद्यार्थी. धर्मशास्त्र म्हणजे रचलेल्या निरर्थक गोष्टींची गोधडी आहे, असे तो म्हणाला, हा त्याच्यावरच्या आरोपांपैकी एक होता आणि त्याच्याविरुद्ध साक्ष दिली ती सहाध्यायांनी. त्याने आपल्या कोवळ्या वयाचा दाखला देऊन दयेची याचना केली, तरीही 8 जानेवारी 1697 रोजी त्याला फाशी देण्यात आली. ब्रिटनमध्ये ईशनिंदेसाठी देहदंड झालेला तो शेवटचा माणूस. प्राध्यापिका हे सारे आवाज न चढवता सांगतात आणि मग एकच प्रश्न विचारतात : या शिक्षेने नेमके कोणाचे संरक्षण झाले? पुढचे सात आठवडे या प्रश्नाभोवती फिरतात.

आंतरराष्ट्रीय कायद्याचा भाग थोडा रुक्ष आहे, पण तो टाळून चालणार नाही. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात कलम 18 धर्मस्वातंत्र्याचे आणि कलम 19 अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे आहे. कलम 18 मध्ये धर्म बदलण्याचे स्वातंत्र्यही स्पष्ट शब्दांत नमूद आहे. ही दोन कलमे एकमेकांची शत्रू मानण्याची आपल्याला सवय झाली आहे. प्रत्यक्षात एका पंथाची मूळ शिकवण ही दुसऱ्या पंथाच्या दृष्टीने अनेकदा धर्मनिंदाच असते, म्हणून टीकेचा अधिकार काढून घेतला की पहिला फटका अल्पसंख्य श्रद्धावानांना आणि धर्माच्या आतल्या सुधारकांना बसतो, हे या भागात मला प्रथमच इतके स्वच्छ उमगले. ‘धर्मांची बदनामी’ थांबवण्याची मागणी करणारे ठराव संयुक्त राष्ट्रांत 1999 पासून येत राहिले. 2011 मध्ये मानवाधिकार परिषदेच्या 16/18 या ठरावाने रोख बदलला आणि धर्माऐवजी माणसांना होणारा भेदभाव व हिंसा हा विषय पुढे आला. त्याच वर्षी, नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पालनावर देखरेख करणाऱ्या मानवाधिकार समितीने (ही परिषदेहून वेगळी) त्या कराराचा अर्थ सांगणाऱ्या आपल्या 34 व्या सर्वसाधारण टिप्पणीत स्पष्ट केले की, भेदभाव, वैर किंवा हिंसा यांना चिथावणी देणाऱ्या द्वेषप्रचाराचा अपवाद वगळता, धर्माचा अनादर झाला म्हणून बंदी घालणारे कायदे या कराराशी विसंगत आहेत.

अभ्यासक्रमाचे खरे मोल पाचव्या आठवड्याच्या स्वाध्यायात आहे. दोन उतारे शेजारी शेजारी दिले होते. पहिल्यात एका काल्पनिक धर्मग्रंथातील स्त्रियांविषयीच्या आज्ञेला अन्यायकारक आणि लाजिरवाणी म्हटले होते आणि ती आज्ञा देणाऱ्या संस्थापकाविषयीही कडक शब्द होते. दुसरा उतारा अगदी सौम्य भाषेत, आदरार्थी क्रियापदे वापरून, त्या धर्माच्या लोकांना घर भाड्याने न देणेच सर्वांच्या हिताचे आहे असे सुचवत होता. कोणता उतारा अधिक आक्षेपार्ह, असे विचारल्यावर मी क्षणाचाही विचार न करता पहिल्यावर खूण केली. मग द्वेषाची चिथावणी कशाला म्हणायचे हे ठरवण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने तयार झालेल्या 2012 च्या रबात कृती-आराखड्यातील सहा निकष, म्हणजे संदर्भ, वक्ता, हेतू, आशय व रूप, प्रसाराची व्याप्ती आणि प्रत्यक्ष हानीची शक्यता, एकेक करून दोन्ही उताऱ्यांना लावायला सांगितले, तेव्हा माझी खूण मलाच पुसावी लागली. पहिला उतारा मला दुखावत होता. दुसरा कोणाचे तरी छप्पर काढून घेत होता. दुखावले जाणे खोटे असते असे प्राध्यापिका कुठेही म्हणत नाहीत, आणि त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे.

न्यायनिवाड्यांच्या आठवड्यात युरोपीय मानवाधिकार न्यायालयाचे दोन निकाल समोरासमोर ठेवले आहेत. 1976 च्या हँडीसाइड प्रकरणात न्यायालय म्हणते की दुखावणाऱ्या, धक्का देणाऱ्या, अस्वस्थ करणाऱ्या विचारांनाही संरक्षण आहे; 1994 मध्ये ऑस्ट्रियातील एका चित्रपटाच्या जप्तीला मात्र तेच न्यायालय श्रद्धावानांच्या भावनांसाठी मान्यता देते. ही विसंगती झाकलेली नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये ईशनिंदेचा गुन्हा 2008 साली रद्द झाला आणि आयर्लंडमध्ये 2018 च्या सार्वमताने तो हटवण्याची वाट मोकळी झाली, हा इतिहास मात्र घाईत उरकला आहे.

आता उणिवा. उपशीर्षकांत ईशनिंदा, बदनामी आणि द्वेषमूलक भाषण या तीन वेगळ्या संकल्पनांसाठी बहुतेक ठिकाणी ‘निंदा’ हा एकच शब्द वापरला आहे. ज्या भाषेत चिकित्सा, टीका, निंदा, विटंबना आणि द्वेष असे स्वतंत्र शब्द रोजच्या वापरात आहेत, तिथे हा आळस परवडणारा नाही, कारण अभ्यासक्रम जो भेद शिकवू पाहतो तोच उपशीर्षके पुसून टाकतात. इंग्रजी न कळणाऱ्या विद्यार्थ्याला पाचवा आठवडा अर्धाही समजणार नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक लागली. शेवटच्या निबंधात मी एकनहेडवरचा आरोप जसाच्या तसा उद्धृत केला होता. निबंध पाठवताच ‘धार्मिक समुदायाचा अनादर करणारा मजकूर’ म्हणून संस्थेच्या स्वयंचलित गाळणीने तो रोखला. कोणते वाक्य खटकले, कोणत्या नियमाने खटकले, दाद कोणाकडे मागायची, यांपैकी काहीही त्या सूचनेत नव्हते. मी पत्र लिहिल्यावर नऊ दिवसांनी निबंध पुन्हा दिसू लागला, पण कारण आजही कळलेले नाही. बंधन घालणारा नियम इतका नेमका हवा की त्यानुसार माणसाला आपले वागणे ठरवता यावे, हे तत्त्व तिसऱ्या आठवड्यात मी याच संस्थेकडून शिकले होते. ते त्यांनी स्वतःच्या गाळणीला लावावे, एवढेच माझे मागणे आहे.

कायद्याचे, पत्रकारितेचे विद्यार्थी आणि शिक्षक यांनी हा अभ्यासक्रम जरूर करावा, आणि माझ्यासारख्या श्रद्धावानांनी तर आवर्जून करावा. आठवड्याला साधारण चार तास लागतात. पाचव्या आठवड्यासाठी दुप्पट वेळ राखून ठेवा आणि शक्य असल्यास इंग्रजी उपशीर्षके सोबत ठेवा. ‘निंदा’ चुकीच्या जागी आलेल्या वाक्यांची यादी मी संस्थेला पाठवली आहे. पहिल्या दोन व्याख्यानांतल्या दुरुस्त्या झालेल्या दिसतात, उरलेल्या सहा आठवड्यांची मी वाट पाहते आहे.